चंचीची दोरी आपल्याच कमरेला

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळींना आणि हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांना खुटबावहून किसनआप्पाचा रामराम. शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या मंडळींना जय ख्रिस्त.

संपादक पाटोळेसरांनी फोनवर बजावलं होतं की, आप्पा, थेट विषयाला हात घाला. पण दारात आलेल्याला पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय आमच्याकडं बोलणं सुरू होत नाही. म्हणून आधी खुशाली विचारतो आणि मग विषयाला येतो.

पाटोळेसर, तुमची पाठ कशी आहे? प्रुफं वाचायची ती उशीला टेकून वाचा, ग्रंथ काही पळून जात नाही. एस्तेरताईंच्या मातोश्री सुलोचनाबाई, तुमच्या कानातलं मशीन आता शिट्टी मारत नाही ना? मागच्या खेपेला तुम्ही ते काढून ठेवलंत आणि मी तासभर बोललो तरी हसून मान हलवत होतात, ते मला घरी आल्यावर कळलं. सविता, पोरीचा खोकला बसला का? मामीनं दिलेला अडुळसा गोड लागत नाही म्हणून टाकून देऊ नकोस. बबनराव तर माझ्या शेजारीच राहतात, त्यांची तब्येत मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येते, ती ठणठणीत आहे. ताईंच्या स्कूटीच्या मागच्या चाकाची कुरकुर थांबली का, हेही विचारून ठेवतो. त्या कुरकुरीचं कारण पुढं येईल.

आणि ताई, तुमचं कसं चाललंय? साठी लागली म्हणतात. साठीची बुद्धी नाठी ही म्हण ज्यानं काढली त्यानं तुम्हाला पाहिलेलं नसणार.

ज्यांच्या गौरवासाठी हा ग्रंथ निघतो आहे त्या एस्तेरताई साळवे आपल्या शिरूरच्या. वडील मिशन शाळेत मास्तर होते. ताईंनी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला, बरीच वर्षं शिकवला, आणि निवृत्तीला अवकाश असताना नोकरी सोडून पुन्हा कंपाउंडातल्या घरी राहायला आल्या. माणसाची डिजिटल ओळख माणसाच्याच ताब्यात राहावी, यासाठी ब्लॉकचेन नावाचं तंत्र आपल्या शिरूर-दौंडच्या मातीत रुजवायचं काम त्यांनी हाती घेतलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं जे काही आलं ते वाचून, विचारून आणि ठेचा खाऊन आलं. त्यामुळं तंत्राबद्दल मी अधिकारानं बोलणार नाही. मला जेवढं उमगलं तेवढं सांगेन, आणि चुकलं तर ताईंनी माझा कान धरावा.

आमची पहिली भेट चौफुल्याला भज्यांच्या गाडीवर झाली. मी शेवंतीची रोपं ठरवायला निघालो होतो, पोटात कावळे ओरडत होते. गाडीवाल्यानं कागदात बांधून भजी दिली. शेवटचं भजं उचललं तर कागदावर खालून एक ओळखीचा चेहरा माझ्याकडं पाहायला लागला. ती आधार कार्डाची झेरॉक्स होती आणि चेहरा आमच्या बबनरावांचा होता, तेलात अगदी न्हाऊन निघालेला. नाव, नंबर, जन्मतारीख, पत्ता, सगळं तेलातून लख्ख दिसत होतं. मला हसू फुटलं. शेजारी एक बाई चहा पीत उभ्या होत्या, त्यांना मी तो कागद दाखवला आणि म्हणालो, “बघा, आमचे शेजारी कुठं कुठं भेटतात.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, कागदावरचं तेल टिपलं, घडी घातली आणि मला विचारलं, “यांच्याकडं नेऊन द्याल का? त्यांचं आहे ते.” मग गाडीवाल्याकडं वळून त्यांनी उरलेला गठ्ठा मागितला. तो म्हणाला रद्दी आहे, मोबाइलच्या दुकानातून आलीय, सिमकार्डाला लोक देतात ती. बाईंनी स्कूटीच्या डिकीतून वर्तमानपत्रांची चळत काढून त्याला दिली आणि तो गठ्ठा घेतला. त्या बाई म्हणजे एस्तेरताई. पुढं महिनाभर त्यांनी त्या गठ्ठ्यातली माणसं हुडकून ज्याचा त्याला कागद परत केला. बबनरावांना मी त्यांचा कागद दिला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “फोटो मात्र बरा आलाय.”

ताईंच्या कामाचं मूळ तिथं आहे. त्या नेहमी सांगतात की, आपण कुठंही गेलो तरी सगळं उघडं करून दाखवतो. अठरा वर्षं पूर्ण आहेत का एवढंच कुणाला हवं असतं, आणि आपण त्याला बापाचं नाव, गल्ली, जन्मतारीख आणि नंबर देऊन येतो. वर झेरॉक्स त्याच्याकडंच राहते.

आमच्या गावात त्यांची पहिली बैठक माझ्या पडवीत झाली. पुरुष मंडळींनी टिंगल केली. एक जण म्हणाला, “बाई, आधार हाय की सरकारचं. आन् हे नवीन खूळ कशापायी?” ताई शांतपणे म्हणाल्या की, आधार आहेच, ते कुणी काढून घेत नाही. पण घराला दार आहे म्हणून ते सताड उघडं ठेवायचं का? मग त्यांनी फोनवर एक पेटी दाखवली. शाळेनं, आयटीआयनं, ग्रामपंचायतीनं दिलेले दाखले त्या पेटीत राहतात, तुमच्याच फोनात. कुणी विचारलं तर विचारलं तेवढंच दाखवायचं, आणि दाखवायचं की नाही हेही तुम्हीच ठरवायचं. पेटीला काय नाव द्यावं यावर त्यांचं अडलं होतं, इंग्रजी नाव होतं ते कुणाच्या तोंडात बसेना.

आमची मंडळी कौसल्याबाई चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “ही तर चंची झाली. कुणी चुना मागितला तर चुन्याची डबी फुडं करायची. सगळी चंची उलटी करून दावती का कुणी?”

जुन्या माणसांच्या कमरेची ती पानसुपारीची कापडी चंची, तिला कप्पे असतात आणि आवळायला दोरी असते. ताई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि कौसल्याबाईंचे पिठाचे हात तसेच हातात धरून म्हणाल्या, “वहिनी, एवढं मला कॉलेजात वर्गाला कधी सांगता आलं नाही.” तेव्हापासून त्या पेटीला आमच्या भागात चंचीच म्हणतात.

आता यात ब्लॉकचेन कुठं आली, असं कुणी विचारेल. मी ताईंना विचारलं होतं. त्यांनी मलाच उलट विचारलं की, आप्पा, तुमच्याकडं लग्न ठरतं तेव्हा सुपारी कशी फोडता? मी सांगितलं, दोन्हीकडची पाच-पंचवीस माणसं बसतात, सर्वांसमोर सुपारी फुटते, साखर वाटतात. “मग उद्या मुलाकडचा म्हणाला, असं ठरलंच नव्हतं, तर?” मी म्हणालो, कसं म्हणेल, साखर खाल्लेली माणसं गावोगाव आहेत, किती जणांची तोंडं धरेल? ताई म्हणाल्या, “झालं. ब्लॉकचेन हीच.” दाखला तुमच्या चंचीतच राहतो. तो खरा आहे याची खूण तेवढी वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर नोंदली जाते. एक यंत्र आयटीआयत आहे, एक मिशन शाळेत, एक कॉलेजात, एक आमच्या फूलउत्पादक गटाच्या ऑफिसात. एकानं खूण खोडली तर बाकीची त्याला खोटं पाडतात. आमच्या गटाचं यंत्र शेवंतीच्या क्रेटशेजारी आहे. त्यावर कुणी चहाचा कप ठेवला की कौसल्याबाई ओरडतात, साखर खाल्लेला पाव्हणा हाय त्यो, त्याच्या डोक्यावर कप ठिवू नका.

आता आमच्या गावानं केलेली चूक सांगतो. ती आमच्यासारख्या गावातच व्हावी.

चंचीला एक किल्ली असते. आधी ती बारा शब्दांची होती. फोन हरवला तर ते शब्द नव्या फोनात घालायचे की चंची परत येते. ताईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, हे शब्द कुणालाही सांगू नका, नवऱ्याला नको, बायकोला नको, मलाही नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आठवडा व्हायच्या आत सगळा गाव ते शब्द माझ्याकडं घेऊन आला. भजनी मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, टाळ-पखवाज माझ्या ताब्यात असतात, मग बारा शब्द दुसऱ्या कुणाकडं ठेवायचे? कुणी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणले, कुणी खताच्या पिशवीच्या तुकड्यावर. एका आजीला लिहिता येत नव्हतं, तिनं नातवाकडून म्हणवून घेतले आणि मला म्हणाली, आप्पा, तुमीच पाठ करा. मी सगळे कागद बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा कपाटात पखवाजामागं ठेवला.

पुढच्या खेपेला ताई आल्या तेव्हा मी मोठ्या अभिमानानं डबा पुढं केला. सांगितलं, ताई, काळजी नको, अख्ख्या गावाची किल्ली सुरक्षित आहे.

ताईंनी झाकण उघडलं. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना हसताना पाहून आम्हीही हसलो, कशाला ते कळलं नव्हतं. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या अडाण्यांना शिकवून उपयोग नाही. ताई म्हणाल्या, “आप्पा, गाव चुकलं नाही. मी चुकले. मी लोकांना म्हटलं कुणावर विश्वास ठेवू नका. असं जगता येतं का कुणाला?”

त्या दिवशी त्यांनी बायकांना बसवून घेतलं आणि सुपारी फोडण्याची रीत पुन्हा बारकाईनं विचारली. साक्षीला कोण चालतो, कोण चालत नाही? बायकांनी सांगितलं की सगळे एकाच घरातले चालत नाहीत, एक तरी परगावचा लागतो, आणि साक्षीदार समोर हजर पाहिजे, निरोपावर साक्ष होत नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि महिन्या-दोन महिन्यांत चंचीची किल्ली बदलून आणली. आता बारा शब्द नाहीत. ज्यानं त्यानं आपले पाच साक्षीदार निवडायचे, एकाच घरातले नकोत. फोन हरवला तर पाचांतल्या तिघांनी समोरासमोर बसून, तोंड पाहून, दोन गोष्टी विचारून आपापल्या फोनवर सांगायचं की हे माणूस तेच. तिघांचं झालं की चंची उघडते. एकट्यादुकट्याला ती उघडता येत नाही. हे व्हिडिओवर का नको, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, हल्ली व्हिडिओवर कुणीही कुणाचंही तोंड लावून बसतं.

बिस्किटांच्या डब्यातले सगळे कागद आम्ही चुलीत घातले आणि त्यावर चहा केला. खताच्या पिशवीचा तुकडा तेवढा बाजूला काढून मी कात्रीनं बारीक कापला, नाहीतर चहाला वास आला असता.

या नव्या किल्लीची परीक्षा माझ्या घरातच झाली. माझी भाची सविता कारेगावात खोली घेऊन राहते. आयटीआय केलेली हुशार पोर. नवऱ्यापासून वेगळी झाली, मुलगी तिच्याकडं. कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लाइनवर काम करायची. ठेकेदाराच्या मुकादमानं कामावर घेताना सगळ्या पोरींची मूळ कागदपत्रं घेतली होती, जपून ठेवतो म्हणून. मागायला गेलं की आज देतो, उद्या देतो. दुसरीकडं चांगलं काम मिळालं तरी कागदाशिवाय जाणार कुठं? दावणीला बांधल्यासारखं झालं होतं. ताईंनी आयटीआयच्या प्राचार्यांना गाठून सविताचा दाखला चंचीत आणवला, आधीच्या सुपरवायझरकडून अनुभवाचा दाखलाही मिळवून दिला. चंची मानायला तयार असलेल्या दुसऱ्या एका कंपनीत पर्मनंट जागा निघाली. सविताला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडं झेंडू तोडायला आली होती. दसरा तोंडावर आला की घरचं कुणी घरात बसत नाही. शेततळ्याच्या कडेला ओणवी होऊन हात धुवायला गेली आणि कमरेचा फोन सुळकन पाण्यात गेला. बबनरावांनी गळ टाकून पाहिला, बांबू घालून पाहिला. तळं खोल, फोन काही वर आला नाही. पोरगी काठावर बसली ती उठेना. रडली नाही, एवढंच म्हणाली, “मामा, ग्येलं. आता त्यो मुकादम आन् मी.”

बबनरावांनी त्यांचा जुना फोन आणून तिच्या हातात दिला. मी तिला पडवीत बसवलं. तिच्या पाच साक्षीदारांतला पहिला मीच होतो. रीत म्हणजे रीत, मी चष्मा लावून तिला विचारलं, “लहानपणी माझ्या चपला कुठं दडवायचीस?”

“कणगीच्या मागं. आन् येक जोड तुम्हाला अजून घावला न्हाई.”

मी माझ्या फोनवर बोट ठेवलं. पहिली साक्ष झाली. पाचांतल्या दोघी लांब होत्या, एक बहीण सोलापूरला, एक मैत्रीण नाशकाला. राहिले दोघं, तिच्या लाइनवरची बिहारची पिंकी आणि खोलीचे मालक नवलेमामा. पिंकी शिफ्टवर होती, आत फोन नेऊ देत नाहीत. नवलेमामा पाहुण्यांना घेऊन समाधीच्या दर्शनाला वढू बुद्रुकला गेलेले, लेक तिथंच दिलेली, मुक्काम करणार होते आणि फोन उचलत नव्हते.

मी ताईंना फोन लावला. म्हणालो, ताई, चंची तुम्हीच केली, तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडून द्या. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

मग त्या म्हणाल्या, “आप्पा, ती मला उघडता येत नाही.”

“तुम्हाला न्हाई येत तर कुणाला येणार?”

“तिला. आणि तिनं निवडलेल्या माणसांना. मला उघडता आली असती तर तो मुकादम आणि मी यात फरक काय राहिला असता? तुम्ही सविताला घेऊन कारेगावला निघा. नवलेमामांना आणायचं माझ्याकडं.”

मला राग आला होता हे कबूल करतो. पण बबनरावांचा टेंपो झेंडू घेऊन शिरूरच्या बाजाराला निघालाच होता, त्यात क्रेटांच्या मधे आम्ही मामा-भाची बसलो आणि न्हावऱ्यावरून निघालो. वाटेत पोरीच्या डोक्यावर पाकळ्या पडत होत्या, तिला भान नव्हतं. बबनराव मागं न बघता बोलत होते, “सविता, लगीन लागल्यावानी दिसतीयास.” तेव्हा कुठं ती जराशी हसली.

कंपनीच्या गेटावर शिफ्ट सुटली, पिंकी धावत आली. तिनं सविताचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, “बता, मैं रोती हूँ तो तू क्या बोलती है?”

“‘चल, आधी चहा पी.’”

“यही है,” पिंकी म्हणाली आणि अंगठा दाबला. दुसरी साक्ष झाली. मग तिनं खरंच आम्हाला चहा पाजला.

खोलीच्या ओट्यावर आम्ही नगर रोडकडं डोळे लावून बसलो. ऊन उतरायला लागलं. आणि ट्रकांच्या धुरातून ताईंची स्कूटी आली. साठीला टेकलेल्या ताई पुढं, आणि मागं गव्हाच्या पोत्यासारखे नवलेमामा, एका हातानं फेटा धरून. वढूला समाधीच्या आवारात ताईंनी त्यांना हुडकलं, दर्शन पुरं होईपर्यंत बाहेर थांबल्या, आणि जेवणाच्या पानावरून न उठवता, जेवण झाल्यावर घेऊन आल्या. स्कूटीचं मागचं चाक तेव्हापासून जे कुरकुरतंय ते आजतागायत. मामा उतरले आणि आधी मलाच म्हणाले, “पाव्हणं, ह्या बाईंच्या मागं बसायचं म्हंजी देवदर्शन परत करायला लागतंय.”

मग त्यांनी सविताला विचारलं, “माझ्या दारातलं मांजर कुणाचं?”

“कुणाचंच न्हाई, मामा. दूध म्या घालते आन् नाव तुमी ठिवलंय.”

मामांनी फोनवर बोट ठेवलं. बबनरावांच्या जुन्या फोनात चंची उघडली, दाखले जसेच्या तसे. सविता ताईंच्या गळ्यात पडली. ताई म्हणाल्या, माझ्या कशाला, ज्यांनी ओळखलं त्यांच्या गळ्यात पड. नवलेमामा दोन पावलं मागं सरकले.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला साहेबांनी कागद मागितले. सवितानं फोन पुढं केला. आयटीआय पास आहे, अनुभव आहे, एवढं दोन ओळींत त्यांच्या पडद्यावर उमटलं, आणि ते खरं असल्याची खूणही सापडली. संध्याकाळी तिचा फोन आला. जागा मिळाली हे तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा जे सांगितलं ते असं, “मामा, आज पहिल्यांदा कुणी नवऱ्याचं नाव इचारलं न्हाई.”

मी हे ताईंना कळवलं. सुलोचनाबाईंनी मागाहून मला सांगितलं की त्या दिवशी एस्तेर संध्याकाळभर बाजाच्या पेटीवर गाणी वाजवत बसली होती.

कारेगावात बातमी पसरली. एकेक पोरगी दाखले चंचीत घेत गेली. काही दिवसांनी तो मुकादम कापडी पिशवी घेऊन वस्तीवर आला आणि म्हणाला, तुमचे कागद घेऊन जा, आमच्या कपाटात जागा न्हाई. कुणी त्याच्याशी भांडलं नाही. पिंकीनं त्यालाही चहा पाजला.

कामाबद्दल एवढं पुरे, कारण पाटोळेसरांनी पानांची मर्यादा घातली आहे. माणूस म्हणून ताईंबद्दल दोन शब्द सांगितले नाहीत तर कौसल्याबाई मला घरात घेणार नाहीत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाचायची बंदी होती आणि वाचल्याशिवाय माझी सकाळ उगवत नाही. ताई रोज सकाळी फोन करून वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. बाजारभाव आधी, मग बातम्या, आणि शेवटी न मागता राशिभविष्य, त्यात त्या पदरचं घालायच्या. माझ्या राशीला सारखा धनलाभ व्हायला लागला तेव्हा मला संशय आला. नाताळला करंज्यांचा डबा कंपाउंडातून येतो, आणि आमच्याकडून संक्रांतीला तो तिळगुळानं भरून जातो. डबा रिकामा परत करायची चाल दोन्ही घरांत नाही. हा लेख मी ज्या अंगठ्यानं फोनवर टाइप करतो आहे त्यालाही त्यांनीच शिकवलं. एकेक अक्षर शोधताना मी घाम पुसायचो आणि त्या शेजारी शेंगा सोलत बसायच्या, एकदाही हात पुढं करून बटण दाबलं नाही. ज्याचं त्यानं करावं, आपण शेजारी बसावं, अशी त्यांची शिकवणी असते.

आणि त्या कधीही कुणाची जात, आडनाव, पगार विचारत नाहीत. मी एकदा म्हटलं, ताई, आमच्याकडं याशिवाय ओळख होत नाही. त्या म्हणाल्या, “मग मी तुम्हाला कशी ओळखते, आप्पा?”

चंचीची एक रीत सांगायची राहिली. साक्षीदार जिवंत आणि जवळ आहेत का, हे वर्षातून एकदा विचारायचं असतं. आम्ही त्याला दिवाळीचा पाडवा धरला आहे. पाडव्याला गावातला प्रत्येक जण आपल्या पाचही साक्षीदारांना फोनवर विचारतो, “आहात का?” आणि समोरच्यानं कळवायचं, “आहे.” ज्याचं उत्तर येत नाही त्याच्या जागी नवा निवडायचा. ताईंनी हे यंत्राच्या सोयीसाठी घातलं, पण आमच्याकडं तो सणच झाला आहे. भाऊबंदकीत वर्षभर न बोलणारी माणसं पाडव्याला तरी एकमेकांना आहे म्हणून कळवतात. गेल्या पाडव्याला आमच्या दत्तूमामांचं उत्तर आलं नाही. ते महिनाभर आधीच गेले होते आणि हे सर्वांना माहीत होतं, तरी त्यांना साक्षीदार धरलेल्या सगळ्यांनी त्यांना विचारलंच. नवा माणूस निवडायला कुणाचा हात लवकर उठला नाही.

ताईंनी त्यांच्या पाचांत मला घेतलं आहे. मी म्हणालो होतो, ताई, मी तुमच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा, साक्षीदार जरा तरणा निवडावा. त्या म्हणाल्या, दर पाडव्याला मला उत्तर द्यायचंय म्हणून तरी तुम्ही औषधं वेळेवर घ्याल. घेतो बुवा. आणि माझ्या पाचांतही त्या आहेत, तेव्हा हीच अट आता मी त्यांना घालतो.

ताई, साठी म्हणजे अर्धी वाट. तुमच्या मातोश्री नव्वदीत कानाचं मशीन काढून मजेत बसतात, तुम्हाला त्यांच्याही पुढं जायचं आहे. डोळे असेच राहोत, गुडघे असेच राहोत, स्कूटीचं चाक बदलून घ्या आणि हेल्मेटचा पट्टा लावत जा. कारेगावच्या पोरींना, खुटबावच्या बायकांना आणि बबनरावांच्या फोटोला तुमची गरज आहे. देवानं, तुमच्या आणि आमच्या दोघांच्याही, तुम्हाला भरपूर वर्षं द्यावीत, आणि ती सगळी चालत्या पायांची द्यावीत.

पाडवा अजून लांब आहे. पण हा ग्रंथ त्याआधी निघणार म्हणून मी माझा प्रश्न तुम्हाला परवाच पाठवून ठेवला आहे. सत्कार, हार, भाषणं यांच्या गडबडीत तुम्ही तो पाहिला नसावा, कारण माझ्या फोनवर अजून काही आलेलं नाही. मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो आणि कौसल्याबाई मला हसतात. मोठं लिहू नका, खुशाली नंतर सावकाश कळवा. एकच शब्द लागतो. तेवढा लवकर धाडा.